पंधरा वर्षांचा दाखला: सीमाभागातली नोकरभरती आणि जाहिरातींतले चेहरे

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीलगत मेहकर नावाचं गाव आहे. बुलढाण्यातलं मेहकर निराळं. या मेहकरपासून उदगीर, देवणी, निलंगा जवळ. राज्याची राजधानी बेंगळुरू मात्र जवळपास सातशे किलोमीटर लांब. या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते, कचेरीत कन्नड चालते, आठवडी बाजारात दखनी उर्दूवाचून भागत नाही आणि लमाणांच्या तांड्यावर गोरबोली ऐकू येते. इथला मुलगा नोकरीचा अर्ज भरायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो, तू इथला आहेस का? त्याचं उत्तर अर्जागणिक बदलतं.

मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत ‘विविधता’ आणि ‘समावेश’ हे शब्द गेली काही वर्षं ठळकपणे येऊ लागले आहेत. शहरात त्यांचा अर्थ बहुधा स्त्रियांचं प्रमाण, अपंगांसाठी सोयी, फार तर परप्रांतीयांचा सन्मान एवढाच लावला जातो. सीमाभागात या शब्दांची खरी कसोटी लागते. इथे माणूस एकाच वेळी जन्माने कर्नाटकचा, भाषेने मराठी आणि जातीने किंवा धर्माने आणखी कोणी तरी असतो, आणि भरती करणारा यातली कोणती ओळख आधी वाचतो यावर सारं ठरतं. म्हणून हा आढावा कंपन्यांच्या धोरणपत्रिकांपासून सुरू न करता या तालुक्यापासून सुरू करतो.

कर्नाटक सरकारच्या नोकरीत हा मुलगा स्थानिक आहे. ९८व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(ञ) आलं आणि बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी या जिल्ह्यांतल्या लोकांसाठी राज्य सरकारच्या स्थानिक पदांत राखीव जागा ठेवण्याची सोय झाली. २०१३च्या आदेशाप्रमाणे या भागातल्या अ आणि ब गटांत ७५ टक्के, क गटात ८० टक्के आणि ड गटात ८५ टक्के जागा स्थानिकांच्या. इथे ‘स्थानिक’ ठरतो जन्माने किंवा दहा वर्षांच्या वास्तव्याने. कन्नडची परीक्षा द्यावी लागते, पण स्थानिकपणाचा दाखला देताना मातृभाषा विचारली जात नाही. या प्रदेशासाठी आजवर झालेल्या व्यवस्थांमध्ये ही सर्वांत न्याय्य आहे असं माझं मत आहे. तिने मागासलेपण मोजलं ते भूगोलावर, आणि त्या भूगोलात राहणारे सगळे आत घेतले.

खासगी कंपनीचं दार वेगळं. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने उद्योग, कारखाने आणि इतर आस्थापनांत स्थानिकांना नोकऱ्या देण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली. व्यवस्थापनाच्या पदांत ५० टक्के, बाकीच्या पदांत ७० टक्के. त्यातली स्थानिकाची व्याख्या बारकाईने वाचायला हवी: राज्यात जन्म, पंधरा वर्षांचं वास्तव्य, आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणं. शिवाय दहावीच्या प्रमाणपत्रावर कन्नड हा विषय हवा, नसेल तर नेमलेल्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. बेंगळुरूच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी आणि नॅसकॉम या त्यांच्या संघटनेने विरोध केला आणि दोन-तीन दिवसांत विधेयक थांबवण्यात आलं. ती सगळी चर्चा बाहेरून येणाऱ्या हुशार अभियंत्यांभोवती फिरली. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाचं या व्याख्येत काय होईल, हा प्रश्न तिच्या कडेलाच राहिला.

आणि त्याचं उत्तर सरधोपट नाही. २०१५च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे आज मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणारी मुलगी उद्या या व्याख्येत बसेल. तिचा मोठा भाऊ उदगीर किंवा लातूरला मावशीकडे राहून दहावी झाला असेल, तर त्याच्या प्रमाणपत्रावर कन्नड नाही. त्यांचे वडील कधीच शाळेत गेले नसतील, तर कन्नड कानांनी समजत असूनही लिहिता येणार नाही. एका चुलीवर जेवणारी तीन माणसं, एकाच जमिनीच्या उताऱ्यावरची, आणि कायद्याच्या नजरेत त्यांतलं एकच स्थानिक. त्या विधेयकात एक तरतूद मात्र खरोखर मोलाची होती: योग्य स्थानिक उमेदवार मिळत नसतील तर कंपनीने सरकारच्या मदतीने तीन वर्षांत त्यांना शिकवून तयार करावं. टक्केवारीच्या गदारोळात तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तिसरं दार महाराष्ट्राचं. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. १० जुलै २००८च्या शासन निर्णयाचा उल्लेख सरकारी जाहिरातींत आजही असतो. अट एकच, त्या गावात पंधरा वर्षं राहिल्याचा विहित नमुन्यातला दाखला. हा दाखला मिळवायचा कर्नाटकात राहून, आणि चालवायचा महाराष्ट्रात.

ही पंधरा वर्षं कुठून आली? १९५६पर्यंत बीदर हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होतं. उत्तरेतून येणारे शिकलेले लोक निजामाच्या दरबारातल्या जागा बळकावतात, ही तक्रार तिथे एकोणिसाव्या शतकापासून होती. १९१९च्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले: सरकारी नोकरी मुलकी माणसालाच, आणि मुलकी म्हणजे राज्यात जन्मलेला किंवा पंधरा वर्षं राहून परत न जाण्याचं शपथपत्र देणारा. १९५२ मध्ये हैदराबादेत गैरमुलकींविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हे नियम वैध ठरवले, त्यावर आंध्रात उठाव झाला, आणि तोडगा म्हणून ३२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(घ) आलं. बीदरला लागू झालेलं ३७१(ञ) याच धर्तीवर बेतलेलं आहे. पुढे कर्नाटकात सरोजिनी महिषी समितीने १९८६च्या अहवालात कन्नडिग कोण हे सांगताना पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि कन्नडचं ज्ञान ही जोडी घातली. महाराष्ट्राच्या स्थानिकांना प्राधान्य देण्याच्या निर्णयांतही पंधरा वर्षंच आहेत. हरियाणाने आपला कायदा करताना आधी पंधरा धरली, मग ती पाचवर आणली.

निजामाच्या काळापासून एकच आकडा इतक्या हातांतून फिरत आला, कारण त्यावर वाद घालणं सोपं असतं. माणूस किती वर्षं राहिला हे कागदावर मोजता येतं. तो त्या समाजाचा किती झाला, हे मोजण्याचं साधन कोणाकडेच नाही. मात्र ज्याच्याकडे कागद नाही त्याची वर्षं मोजलीच जात नाहीत. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारं कुटुंब, पालावर राहणारा भटका, भाड्याच्या खोलीत करार न करता राहिलेला मजूर यांची पंधरा वर्षं कोण लिहून देणार?

मराठी वाचकाने इथे स्वतःच्या घरातही पाहायला हवं. ‘मार्मिक’ने साठच्या दशकात मुंबईतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची अमराठी नावं ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापली. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकात स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या भरतीवर दबाव आणला. त्यातून मराठी मुलामुलींना कारकुनीच्या आणि त्यावरच्या जागा मिळाल्या, हे खरं आहे आणि त्याचं महत्त्व मी कमी करणार नाही. नावांची ती यादी ज्यांच्याविरुद्ध वापरली गेली त्यांत कर्नाटकातून आलेली माणसंही होती, हेही तेवढंच खरं. बेळगाव-बीदरच्या मराठी माणसासाठी आपण जे मागतो ते मुंबईच्या उडुपी हॉटेलात राबणाऱ्या पोऱ्याला आणि अक्कलकोट-जतच्या कन्नड भाषकाला देण्याची आपली तयारी आहे का, या प्रश्नाला टाळून सीमाभागाचा न्याय मागता येत नाही.

न्यायालयांनी स्थानिकांसाठीच्या अशा टक्केवाऱ्यांकडे बहुतेक वेळा संशयाने पाहिलं आहे. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा दरमहा तीस हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांना लागू होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो रद्द केला. त्याआधीचा चारू खुराना खटला मला जास्त बोलका वाटतो, कारण तो चित्रं बनवणाऱ्या उद्योगातलाच आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वेशभूषा व रंगभूषाकारांच्या संघटनेत बाईला रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व मिळत नसे, तिला केशरचनाच करावी लागे. शिवाय पाच वर्षं महाराष्ट्रात राहिल्याची अट होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी मोडीत काढल्या. एकाच नियमावलीत बाई असणं आणि बाहेरची असणं यांची दारं शेजारीशेजारी बंद केलेली होती.

आता कायद्यापासून जरा दूर जाऊन भरती प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. बहुतेक ठिकाणी ती नावावरून होते. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा: एक उच्चवर्णीय हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की जात न विचारता ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारली जाते, आणि तीच गुणवत्तेचा भाग मानली जाते. २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला; जवळपास ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींतले निघाले, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. आपल्या बेळगाव-बीदरच्या वादात हे अभ्यास क्वचितच उद्धृत होतात.

कारण ते आपल्याला अडचणीचे आहेत. मेहकरच्या बाजूचा मराठी बोलणारा समाज एकसंध नाही. त्यात मराठा आहेत, लिंगायत आहेत, बौद्ध आणि मातंग आहेत, धनगर आहेत, घरी मराठी किंवा दखनी बोलणारे मुसलमान आहेत. छोट्या कारखान्यात भरती जाहिरातीने फारशी होतच नाही. गुत्तेदार, मुकादम, आधीच आत असलेला पाहुणा यांच्या ओळखीने होते. ‘मराठी मुलांना डावललं’ असं म्हणताना त्या मुलांत दलित वस्तीतला पोरगा धरला आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावं लागेल. भाषेच्या नावाने मिळवलेली जागा शेवटी जातीच्या ओळखीने भरली गेली, तर एका दारावरचा पहारेकरी तेवढा बदलला. नोव्हेंबर २०२०मध्ये बसवकल्याणच्या पोटनिवडणुकीआधी कर्नाटक सरकारने पन्नास कोटींचं मराठा विकास प्राधिकरण जाहीर केलं, त्याविरुद्ध ५ डिसेंबरला कन्नड संघटनांनी बंद पुकारला. त्या वेळी मराठा जात आणि मराठी भाषा एकच समजून दोन्हीकडून बोललं गेलं. सीमाभागातल्या मराठी बोलणाऱ्या दलिताला त्या भांडणात कुठेच जागा नव्हती.

जाहिरातींतल्या चेहऱ्यांची गोष्ट भरतीपासून वेगळी मानली जाते. माझ्या मते ती त्याच गोष्टीचा पुढचा भाग आहे, आणि याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्या घराघरांतल्या एका ट्यूबमध्ये होता. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या एका गाजलेल्या जाहिरातीत सावळी मुलगी क्रीम लावून गोरी होते आणि तिला हवाईसुंदरीची नोकरी मिळते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागे घेण्यात आली. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये नियम केला की सावळ्या रंगाची व्यक्ती नोकरीत, लग्नात, आयुष्यात मागे पडलेली दाखवू नये. क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडलं. म्हणजे जवळपास पंचेचाळीस वर्षं एक कंपनी आपल्या मुलींना सांगत होती की भरती करणारा माणूस तुझा रंग बघतो. भयंकर गोष्ट ही की ते पुष्कळदा खरं होतं. बीदर-लातूरच्या उन्हात शेतात काम केलेल्या मुलीला ही जाहिरात काय करून जात असेल, याची कल्पना मुंबईच्या जाहिरात कंपनीला नसेल असं मला वाटत नाही. विक्री त्या कल्पनेवरच उभी होती.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. २०१३ मध्ये तनिष्कने सावळ्या वधूचा आणि तिच्या लहान मुलीसह होणाऱ्या दुसऱ्या लग्नाचा जाहिरातपट केला. देशभर कौतुक झालं. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२०मध्ये मुस्लिम सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवलं आणि विरोधामुळे जाहिरात मागे घेतली. रंगाची चौकट ओलांडणं प्रेक्षकाला मानवलं, धर्माची ओलांडणं एका गटाने होऊ दिलं नाही.

मराठी माणूस या चित्रांत कुठे असतो? हिंदी जाहिरातींत आणि मालिकांत तो दोन रूपांत भेटतो. सण असेल तर नऊवारी, नथ, ढोल-ताशा. सण नसेल तर भांडी घासणारी, तुटक हिंदी बोलणारी बाई, नाही तर हवालदार. घरकाम करणारी बाई दाखवण्यात काहीच गैर नाही. तिच्या श्रमावर ती घरं चालतात. ती फक्त विनोदासाठी असते आणि तिच्या उच्चारावर हसायचं असतं, हे मला सलतं. सीमाभागातल्या मराठीला तर यातलं कुठलंच रूप लागू पडत नाही. तिच्यात कन्नडचा हेल आणि दखनीचे शब्द आहेत. पुण्याच्या जाहिरातीतही ती नाही आणि बेंगळुरूच्या फलकावरही नाही.

फलकांवरून आठवलं. २०२४च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकाने व आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीची आहे आणि ती वरच्या भागात हवी. महाराष्ट्रातही पाट्या ठळक मराठीत हव्यात, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. दोन्ही राज्यांचा हा आग्रह मला मान्य आहे. राज्यात धंदा करायचा तर राज्याची भाषा दिसलीच पाहिजे. पण उरलेले चाळीस टक्के पूर्ण इंग्रजीला का द्यायचे? भालकीत त्या जागेत मराठी, बीदर शहरात उर्दू, जतमध्ये कन्नड लिहायला कायद्याची आडकाठी नाही. ज्या भाषेत गिऱ्हाईक पैसे मोजतं तिला पाटीवर चार बोटं जागा देणं व्यापाऱ्याच्या हातात आहे.

चित्र आणि हजेरीपट यांचा मेळ बसत नसेल तर काय होतं, हे बाहेरच्या दोन प्रसंगांत दिसलं. २००० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सामन्यातल्या गोऱ्या प्रेक्षकांत एका काळ्या विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर चिकटवला. तो त्या सामन्याला गेलाच नव्हता. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पोलंडमधल्या संकेतस्थळावर नेमकं उलट झालं: बैठकीच्या छायाचित्रातल्या काळ्या माणसाच्या धडावर गोऱ्याचं डोकं बसवलं गेलं. पहिल्याने नसलेला माणूस दाखवला, दुसऱ्याने असलेला पुसला. दोघांनाही नंतर माफी मागावी लागली.

भारतात हा मेळ तपासायचा तर आकडे हवेत, आणि आकडेच नाहीत. सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचे आणि अपंग कर्मचाऱ्यांचे रकाने आहेत. जात, धर्म, मातृभाषा यांचे नाहीत. मुस्लिमांच्या स्थितीवरच्या सच्चर समितीनंतर २००८ मध्ये अमिताभ कुंडू यांच्या तज्ज्ञगटाने विविधता निर्देशांक सुचवला आणि माधव मेनन यांच्या गटाने समान संधी आयोग. दोन्ही अहवाल कपाटात गेले. उद्योगसंघटनांनी २००६ मध्ये स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारली; काही कंपन्यांनी, त्यांत टाटा समूह, अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम चालवले. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ने प्रश्नाला नोकरीकडून मालकीकडे वळवलं. हे सगळं चांगलं आहे, पण यातलं काहीही मोजून दाखवायची कायदेशीर सक्ती नाही. अमेरिकेत तर सरकारी कंत्राटदारांना भरतीत भेदभाव न करण्याचं बंधन घालणारा १९६५चा आदेश जानेवारी २०२५मध्ये मागे घेतला गेला आणि बऱ्याच कंपन्यांनी आपले विविधतेचे कार्यक्रम आवरते घेतले. मर्जीवर चाललेलं मर्जीने थांबतं.

मला आपल्या सीमाभागासाठी उत्तर आयर्लंडचं उदाहरण सर्वांत जवळचं वाटतं. तिथे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातल्या दुहीत जहाजबांधणीसारखे मोठे कारखाने जवळपास एकाच पंथाचे झाले होते. बेलफास्टचा हार्लंड अँड वुल्फ त्यासाठीच कुप्रसिद्ध होता. १९८९च्या कायद्याने दहांहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक मालकाला कर्मचाऱ्यांची पंथनिहाय नोंद ठेवून दरवर्षी सरकारकडे द्यावी लागली. सोबत कामाच्या जागी झेंडे, चिन्हं, दुसऱ्याला धाक वाटेल अशी चित्रं लावू नयेत असा दंडकही आला. पुढच्या तीन दशकांत नोकऱ्यांतलं कॅथलिकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. कायद्यात कोणाचाही ठरावीक कोटा नव्हता. मालकाला दरवर्षी आपल्या कारखान्यात कोण आहे हे लिहून द्यावं लागत होतं, आणि प्रमाण फारच कमी असेल तर काय करणार तेही सांगावं लागत होतं.

भाषेबद्दल तर आपल्याकडे याहून जुनं, देशी उत्तर तयार आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन संसदेत मांडलं. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने ते पुढे नेलं. त्यातलं एक आश्वासन असं: राज्याच्या नोकरीत निवड होण्याआधी राज्यभाषेचं ज्ञान ही अट असू नये, निवड झाल्यावर, प्रोबेशन संपायच्या आत, त्या भाषेची परीक्षा घ्यावी. अनुच्छेद ३५०(ख)खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त हे आश्वासन आपल्या अहवालांत वर्षानुवर्षं नोंदवत आले. बऱ्याच राज्यांनी ते पाळलं नाही, आणि खासगी कंपन्यांना तर ते कधी लागूच नव्हतं.

हेच तत्त्व कंपन्यांच्या भरतीला लावावं. बीदरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने जाहिरातीत लिहावं की या कामाला कोणती भाषा किती लागते: यंत्रावरच्या सूचना वाचण्यापुरती कन्नड, की गिऱ्हाइकाशी बोलण्याइतकी, की पत्रव्यवहाराइतकी. निवड कामाच्या कौशल्यावर करावी, कन्नडसाठी वर्षभराची मुदत आणि कंपनीच्या वेळेत रोजचा तास द्यावा, वर्षाअखेर परीक्षा घ्यावी. सुरक्षेच्या सूचना कन्नडखाली मराठी आणि उर्दूतही लावाव्यात, कारण बॉयलर फुटताना कोणी प्रमाणपत्र पाहत नाही. थांबलेल्या विधेयकातली तीन वर्षांच्या प्रशिक्षणाची तरतूद याच कामी येऊ शकते. ते पुन्हा मांडलं जाईल तेव्हा व्याख्येतली भाषेची अट काढून ती या प्रशिक्षणात घालावी, एवढी मागणी भालकी-औरादच्या लोकप्रतिनिधींनी बेंगळुरूत आत्तापासून लावून धरावी. महाराष्ट्रानेही चाकण-रांजणगावच्या कारखान्यांना हेच सांगावं, आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नड भाषकाला मराठी शिकायला तेवढीच मुदत द्यावी.